अठरा कड्यांचं नाणं

कवळीबाई लॅबमधून घरी आली तेव्हा हॉलमधल्या कपाटाचं दार सताड उघडं होतं आणि आतले चौदाच्या चौदा ट्रे गायब होते.

सासूबाई खिडकीशी बसून धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "धाकटा येऊन गेला दुपारी. दादाची नाणी घेऊन गेला."

"कुणाची नाणी?"

"त्याच्या भावाची. मग काय, तुझ्या माहेरून आली होती?"

"आणि किल्ली?"

"मी दिली. माझ्या मुलाच्या कपाटाची किल्ली द्यायला तुझी परवानगी काढू?"

हातातली पिशवी तिनं खाली आपटली. नवरा जाऊन पुरता दीड महिनाही झाला नव्हता.

कवळीबाई हे नाव तिला डॉक्टरांनी ठेवलेलं. शहरातले सात-आठ दातांचे डॉक्टर रुग्णांच्या तोंडाची मापं तिच्या लॅबमध्ये पाठवायचे आणि ती त्यावरून कवळ्या आणि धातूच्या कॅप करून द्यायची. मेणात दात कोरायचा, त्याभोवती प्लास्टरसारखा लगदा ओतायचा, भट्टीत मेण जाळून टाकायचं आणि उरलेल्या पोकळीत फिरकीच्या मशीनवर वितळलेला धातू सोडायचा, हे काम ती तीस वर्षं करत होती. हात सोन्याचा, जीभ फटकळ. एका डॉक्टरनं घाईघाईत घेतलेलं माप तिनं परत पाठवलं होतं, सोबत निरोप: "हे तोंडाचं माप आहे की रस्त्यातल्या खड्ड्याचं, ते कळवा."

नाणी तिच्या आयुष्यात आली ती भंगारातून. वीस वर्षांपूर्वी ओतकामाच्या सरावासाठी तिनं मोडीच्या दुकानातून थोडी चांदी घेतली, आणि वाकड्या चमच्यांच्या ढिगात एक जाडजूड नाणं निघालं. मधोमध मोठं चिनी अक्षर, भोवती अठरा बारीक कडी. ते वितळवायला तिचा हात धजेना. मग तिनं पुस्तकं मागवली, शब्दकोश आणला आणि अक्षरामागून अक्षर लावत ती वाचत सुटली. ते नाणं ठोकलं तेव्हा, शंभरएक वर्षांपूर्वी, चीनमधला राजा गेला होता, प्रजासत्ताक आलं होतं, पण कारभार पडला होता सेनापतींच्या हातात. ज्याचं सैन्य त्याचा प्रांत, ज्याचा प्रांत त्याची टांकसाळ. शिपायांचे पगार भागवायला जो तो आपलं नाणं ठोकायचा, चांदीत तांबं मिसळायचा. तांब्याच्या नाण्यावरचा आकडा पन्नासाचा शंभर आणि शंभराचा दोनशे होत गेला, आणि नाणं मात्र आकसत गेलं. एका प्रांतानं तर नाण्यावर चक्क मोटारगाडी काढली होती. तिला त्या नाण्यांतला घायकुतेपणा आवडायचा. वेडावाकडा कोरलेला ठसा, अर्धवट उमटलेलं अक्षर, बाजूला सरकलेला छाप. वरचे-खालचे दात नीट जुळले नाहीत की म्हणतात तसं, "यांचा चावा बसला नाही," असं ती म्हणायची.

नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याचं अक्षर मोत्यासारखं आणि तिचं कोंबडीच्या पायासारखं, म्हणून प्रत्येक नाण्याखालची चिठ्ठी ती सांगायची आणि तो लिहायचा. नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळात ती पहिल्यांदा गेली तेव्हा तो तिला स्कूटरवरून सोडायला आला होता. अध्यक्षांनी सभासदत्वाचा फॉर्म तिच्याकडे न बघता त्याच्यापुढं धरला आणि त्यानं हसत हसत सही ठोकली. "काय फरक पडतो? घरातलंच कुणीतरी सभासद झालं."

फरक वीस वर्षं पडत राहिला. पावत्या त्याच्या नावानं आल्या. अध्यक्ष त्यालाच विचारायचे, "काय पेंटरसाहेब, नवीन काय?" आणि तो चहाचा घोट घेऊन ठोकून द्यायचा, "आहे एक दोनशेचं. झेंडेवालं." घरी येताना ती मागच्या सीटवर धुमसायची.

"माझं आहे म्हणून सांगत का नाही तुम्ही?"

"अगं, मजा येते," तो म्हणायचा.

त्याला मजा यायची हे खरंच होतं. माणूस भला होता, पण या एका बाबतीत चोर होता, आणि तो गेल्यावरही तिचं हे मत बदललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती दिराच्या दारात उभी राहिली. दीर विमा कंपनीत दावे तपासायचा. त्याच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, खोटा दावा करताना सापडलेली आणि अजून न सापडलेली. जेवायच्या टेबलावर तिचे ट्रे ओळीनं मांडलेले होते आणि तो एकेका नाण्याचा फोटो काढत होता.

"बसा ना, वहिनी."

"बसायला आले नाही. ट्रे उचलायला आलेय."

त्यानं शांतपणे एक चिठ्ठी उचलून तिच्यासमोर धरली. "हे अक्षर कुणाचं?"

"यांचं."

"ही पावती. नाव कुणाचं?"

"यांचं."

"मंडळाच्या रजिस्टरमध्ये सही?"

"तीही यांचीच. नाणी माझी आहेत."

"पुरावा?"

वीस वर्षं रविवारच्या रविवार तिनं त्या नाण्यांवर डोळे फोडले होते, आणि त्यातला एकही रविवार कागदावर नव्हता.

"वहिनी, तुम्ही दात करा. नाण्यांतलं दादाला कळायचं."

"तुमच्या दादाला शर्टाचं बटण आणि नाणं यांतला फरक कळत नव्हता."

दारात उभ्या असलेल्या जाऊबाईनं पदर तोंडाला लावला. हसू आलं म्हणून की धक्का बसला म्हणून, ते कळलं नाही. दीर मात्र ताडकन उठला.

"गेलेल्या माणसाबद्दल असं बोलता?"

"होते तेव्हाही तोंडावर बोलत होते. तुम्हाला कसं माहीत असणार? आठ महिन्यांच्या आजारपणात तीनदा आलात. त्यातल्या एकदा तर गाडी लावायला जागा मिळाली नाही म्हणून खालच्या खाली परत गेलात."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "पुढच्या रविवारी मंडळात प्रदर्शन आहे, दादाच्या स्मरणार्थ. नंतर अध्यक्ष सगळा संग्रह त्यांच्या नाण्यांच्या दुकानासाठी घेतायत. आईची संमती आहे. तुमच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय."

"त्या खुर्चीवर तुम्हीच बसा, दोन्ही पाय वर घेऊन," ती म्हणाली आणि निघाली.

तिनं एका वकिलाला गाठलं. त्याच्या पुढच्या चार दातांची कॅप तिच्याच हातची होती, त्यामुळे तो तिच्याशी जरा नीट बोलला. "कागद सगळे नवऱ्याच्या नावाचे. पण बायको म्हणून तुमचा वाटा आहेच. सासूबाईंचा अर्धा, तुमचा अर्धा. दीर कुठंच बसत नाही. एक नोटीस पाठवू, निम्मे ट्रे आठवड्यात घरी."

"म्हणजे विधवा म्हणून माझीच नाणी अर्धी घ्यायची?"

"व्यवहार बघा, बाई."

"व्यवहारच बघतेय. अर्धं तोंड कुणाचं असतं का?" फी टेबलावर ठेवून ती बाहेर पडली. आपण मूर्खपणा करतोय हे तिला कळत होतं, पण नवऱ्याचा वाटा म्हणून ती नाणी हातात घेणं म्हणजे मंडळाच्या त्या फॉर्मवर आता स्वतःच सही करणं होतं, आणि ते तिला मेली तरी जमलं नसतं.

रविवारी सकाळी ती प्रदर्शनाला गेली. मंडळाचा हॉल म्हणजे एका जुन्या ग्रंथालयाचा वरचा मजला. लांब टेबलांवर काचेच्या पेट्या, भिंतीवर नवऱ्याचा हार घातलेला मोठा फोटो आणि खाली 'एका ध्यासाची वीस वर्षं'. फोटोत तो नेहमीसारखा गालात हसत होता. 'आता तरी आली का मजा?' ती मनात म्हणाली.

मधल्या पेटीत, निळ्या मखमलीवर, एकटंच ठेवलं होतं अठरा कड्यांचं नाणं. ती वाकली, आणि बघताक्षणी तिनं ओळखलं. ते नाणं तिनं स्वतः केलेलं होतं.

झालं होतं असं. बाजारात या नाण्याची बनावट फार. बनावट ओळखायची तर ती बनते कशी ते कळलं पाहिजे, या हट्टानं तिनं चार वर्षांपूर्वी लॅबमध्ये आपल्या नाण्याचं माप घेतलं, मेण भरलं आणि मोडक्या चांदीत एक प्रत ओतली. पुढं नवरा अंथरुणाला खिळल्यावर घरात परक्यांची वर्दळ वाढली, तेव्हा खरं नाणं तिनं लॅबच्या तिजोरीत ठेवलं आणि ट्रेमधली जागा रिकामी दिसू नये म्हणून तिथं प्रत ठेवून दिली. आजारपणाच्या धबडग्यात ती गोष्ट तिच्या डोक्यातून साफ गेली होती.

ती कुणाला काही सांगणार, एवढ्यात पाहुणे आले. आयुष्यभर टांकसाळीत ठसे कोरून निवृत्त झालेले, पाठीत वाकलेले एक म्हातारे. सगळे त्यांना टांकसाळवाले म्हणायचे. अध्यक्षांनी त्यांना थेट मधल्या पेटीपाशी नेलं, काच उघडली आणि नाणं त्यांच्या हातात दिलं. अध्यक्षांचा चेहरा असा फुललेला, जणू ते त्यांनीच ठोकलं होतं.

टांकसाळवाल्यांनी भिंग डोळ्याला लावलं. नाणं तिरपं धरून एकेक कडं तपासलं.

"हे ओतीव आहे," ते म्हणाले. "ठोकलेलं नाही. कड्यांच्या आत बघा, बारीक छिद्रं आहेत. पण ओतकाम मात्र फर्स्ट क्लास."

हॉलमध्ये कुजबुज उठली. अध्यक्ष सावरायला धावले. "अरेरे! बिचाऱ्या पेंटरसाहेबांना कुणीतरी बनवलं. भोळा माणूस—"

"दादाला कुणी बनवलेलं नाही!" दीर मधेच गरजला. त्याच्यातला दावे तपासणारा जागा झाला होता. त्यानं सरळ कवळीबाईकडे बोट केलं. "हे बदललंय. ओतकाम कोण करतं आमच्या घरात? यांची लॅब आहे, भट्टी आहे. वहिनी, खरं नाणं कुठाय?"

चाळीस माना तिच्याकडे वळल्या. सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. "मला वाटलंच होतं," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

कवळीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता गप्प राहिली असती तर चोर ठरली असती, आणि बोलली तर काय ठरेल हेही तिला कळत होतं. तिनं खुर्चीच्या पाठीवर हात टेकला.

"खरं माझ्या तिजोरीत आहे," ती म्हणाली. "आणि हे मी केलंय. चार वर्षांपूर्वी. शिकायला म्हणून केलं, विकायला नाही. काका, कडेवर बघा. मोठं अक्षर सरळ धरा आणि बरोबर खाली, घड्याळात सहाचा आकडा असतो तिथं. खाचांच्या मधे बारीक फुली कोरलीय. कुणी फसू नये म्हणून मीच कोरली."

टांकसाळवाल्यांनी नाणं फिरवलं. "आहे फुली," ते म्हणाले.

"म्हणजे कबूल केलं!" दीर ओरडला. "दादाच्या नाण्याची नक्कल केली, वर अस्सल दाबून ठेवलं!"

"दादाच्या नाही. माझ्या."

म्हाताऱ्यानं हात वर करून दोघांनाही थांबवलं. मग शेजारच्या पेटीतल्या ओळीवर काठी टेकवली. "बाई, ही तीन दोनशेची सारखीच दिसतात. तिन्ही का ठेवली?"

"सारखी नाहीत," ती म्हणाली. पेटीकडे तिनं पाहिलंही नाही. "पहिलं आधीच्या नाण्यावर ठोकलंय. पानांच्या नक्षीखाली जुन्या झेंड्याची काठी दिसते. एका सेनापतीनं दुसऱ्याला हाकललं आणि त्याच्याच पैशावर आपला शिक्का मारला, खालचं पुसायलाही वेळ नव्हता. दुसरं धड आहे, तुलनेसाठी ठेवलंय. तिसऱ्याचा ठसा तडकलेला, डावीकडून वरपर्यंत रेघ गेलीय. त्या तडक्या ठशावर आणखी किती ठोकली असतील, ते मी सहा वर्षं शोधतेय. आत्तापर्यंत दोनच सापडली."

म्हातारे भिंग लावून तिन्हींवरून फिरले. मग भिंग पुसून खिशात ठेवलं.

"संग्रह या बाईंचा आहे," ते अध्यक्षांना म्हणाले. "फोटो उतरवा."

फोटो उतरवायला कुणी पुढं आलं नाही. शेवटी तीच खुर्चीवर चढली आणि तिनं तो उतरवला. सासूबाई उठून निघून गेल्या. कवळीबाईला वाटलं होतं की या क्षणी आपल्याला गार वाटेल. वाटलं नाही. फोटो काखेत धरून ती उतरली तेव्हा हॉलमध्ये एकही माणूस तिच्याकडे बघत नव्हता.

पुढच्या बैठकीत मंडळानं ठराव केला. संग्रह तिचा, हे मान्य. पण जी व्यक्ती स्वतः बनावट नाणं ओतते तिला सभासद करून घेता येणार नाही, आणि यापुढं मंडळ भरवतं त्या नाण्यांच्या बाजारात तिनं पाऊल ठेवू नये. ठराव अध्यक्षांनी मांडला, हात सगळ्यांनी वर केले. वीस वर्षं ती सभासद नव्हतीच, त्यामुळे काढून टाकायचाही प्रश्न आला नाही, हे पत्रात मुद्दाम लिहिलं होतं.

नाणी परत करायला दीर स्वतः आला. हातात दोन कापडी पिशव्या. त्यानं त्या उंबऱ्यातच सोडल्या आणि आत चांदीवर तांबं आपटल्याचा आवाज झाला.

"मोजून घ्या."

तिनं पिशवीत हात घातला. सगळी एकात एक, सुटी. "चिठ्ठ्या कुठायत?"

"चिठ्ठ्या दादाच्या. अक्षर त्याचं आहे हे तुम्हीच कबूल केलंत. ट्रे आम्हाला आवडले, ते राहू देत."

"भाऊजी, चांदीवर चरे पडलेत."

"विमा नव्हता ना?" तो म्हणाला.

सासूबाई आतून बॅग घेऊन आल्या. त्या धाकट्याकडे राहायला निघाल्या होत्या. दारात थांबून त्यांनी सुनेकडे प्रथमच सरळ पाहिलं. "भर सभेत माझ्या मुलाला तुझ्या चिठ्ठ्या लिहिणारा कारकून केलंस. चोर म्हणाली असतीस तर परवडलं असतं."

"आई, ते कारकून नव्हते. पण मालकही नव्हते."

"तोंड आवर," सासूबाई म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

नाणी लावायला तिला अकरा दिवस लागले. एकही ओळखायला चुकलं नाही, पण सतरा नाण्यांवर नवे ओरखडे होते आणि तडक्या ठशाच्या नाण्याची कड दबली होती. चिठ्ठ्या तिनं स्वतः लिहायला घेतल्या. चौथ्या चिठ्ठीवर तिला इतका राग आला की पेन तिनं भिंतीवर फेकलं. राग दिरावर होता, अध्यक्षांवर होता, आणि सगळ्यात जास्त त्या माणसावर, ज्याला वीस वर्षांत एकदाही, "नाणी हिची आहेत, मी नुसता लिहितो," एवढं म्हणता आलं नाही, आणि ज्याच्या अक्षराची आता पदोपदी आठवण येत होती. ती रडली. मग उठून तिनं पेन शोधून आणलं.

महिन्याभरानं, दुपारी तीनच्या सुमाराला, अध्यक्ष लॅबमध्ये आले. आले ते इकडंतिकडं बघत, दार मागं लोटून. स्टूल ओढून बसले.

"ठरावाचं मनावर घेऊ नका, वहिनी. दहा जणांत काही गोष्टी कराव्या लागतात. पण तुमच्या हाताला तोड नाही, हे मी त्याच दिवशी ओळखलं."

कवळीबाई खालच्या जबड्याची एक कवळी घासत होती. तिनं मान वर केली नाही. "काय काम आहे?"

त्यांनी खिशातून रुमाल काढून उलगडला. आत मोटारगाडीचं नाणं होतं, अस्सल. तिनं ते आजवर फक्त पुस्तकात पाहिलं होतं. क्षणभर तिची बोटं थांबली.

"एकाकडून दोन आठवड्यांसाठी आणलंय. याच्या बारा प्रती. स्मरणिका म्हणून हो. फक्त ती फुली नको. फुली बरी दिसत नाही."

"घेणार कोण?"

"ज्यांना कळत नाही ते. ज्यांना कळतं ते कुठं विकत घेतात?" ते स्वतःच्याच विनोदावर हसले. "आणि तुमचं सभासदत्व माझ्याकडं लागलं. या वेळी तुमच्या स्वतःच्या नावानं."

तिला हसू आलं नाही. उलट असं वाटलं की हातातली कवळी या माणसाच्या घशात घालावी. कुणाला जाऊन सांगण्यात अर्थ नव्हता. अध्यक्षांविरुद्ध बनावटवालीचा शब्द कोण धरणार?

"वरचे दोन दात सैल झालेत तुमचे," ती म्हणाली. "हसताना हलतात. डॉक्टरला दाखवा."

"काय?"

"आणि नाणं उचला. इथं धूळ बसते."

"वहिनी, विचार करा. बाहेर तुम्हाला उभं कोण करणार—"

तिनं घासायचं मशीन चालू केलं आणि वेग वाढवला. अध्यक्षांचे ओठ हलत राहिले, हात हलत राहिले, आवाज मात्र काही येईना. कवळीच्या हिरड्यांची गुलाबी भुकटी त्यांच्या काळ्या कोटावर, बाह्यांवर, उघड्या रुमालावर बसू लागली. त्यांनी नाणं घाईघाईनं गुंडाळलं, उठताना स्टूल पाडलं आणि काहीतरी शिवीसारखं बोलून ते बाहेर पडले. ते जिन्याच्या खाली पोचले असतील एवढा वेळ तिनं मशीन चालूच ठेवलं.

मग बंद केलं, कवळी धुतली, उजेडात धरून पाहिली. डाव्या दाढेला अजून जरा उंची होती. फोन वाजला. डॉक्टर होते.

"झाली का?"

"चावा बसवतेय," ती म्हणाली. "पाच वाजता पाठवते."